हिरवी पाठमाला

३ एप्रिल, गुरुवार

तीन पाठमाला आल्यात. तीन! चेतनाताईंनी ग्रुपवर टाकल्या आणि खाली लिहिलं — तेजल, तुझं वाचन चांगलं, तूच बघून सांग. चेतनाताई म्हणजे आमच्या पास्टरांची बायको, त्यांना नाही म्हणायची सोय नाही. घरीच शिकवणारी आमची पाच घरं, अकरा पोरं. सगळ्यांना एकच बायबल पाठमाला. २५ तारखेला भांडुपच्या छपाईवाल्याकडे द्यायची.

म्हणजे या अकरा पोरांनी जूनपासून देवाबद्दल काय शिकायचं ते मी ठरवायचं. मी! गेल्या ऑगस्टपासून जिने एक धड प्रार्थना केलेली नाही, ती. जेवायच्या आधी डोळे मिटते, ओठ हलवते, आमेन मात्र खणखणीत. कोणाला पत्ता नाही. नवऱ्याला, प्रितमलाही नाही.

४ एप्रिल

वाचल्या तिन्ही.

निळी अमेरिकेतली. पानोपानी बर्फ, सफरचंदं, लाल रंगाचं मोठं कोठार. सुयोग विचारतो, कोठार म्हणजे काय? पाच वर्षांच्या पोराला कांजूरमध्ये कोठार कुठून दाखवू? इथे संध्याकाळी कचऱ्याच्या डंपिंगचा वास सुटला की खिडकी लावून घ्यायची, एवढाच आमचा निसर्ग.

पिवळी जुन्या संडे स्कूलची. प्रश्न-उत्तरं, वचनं, सगळं तोंडपाठ करायचं. प्रितम लहानपणी जालन्याला हीच शिकला.

हिरवी नवी आहे, एकदम चकाचक. रोज सकाळी मुलाने उभं राहून मोठ्याने म्हणायचं — मी निरोगी आहे, मी भीत नाही, शंकेला माझ्यात जागा नाही. मग ‘विजयाच्या तक्त्या’वर एक स्टिकर. दुखतंय, भीती वाटते असं काही तोंडातून गेलं तर त्या दिवसाचा स्टिकर नाही.

प्रितमने ती बघितली आणि म्हणाला, हीच घे. विचार कसला करतेस? जालन्याच्या पुस्तकाकडे बघितलंही नाही. मी म्हटलं आधी तिन्ही चालवून बघते. तेवढेच दिवस ढकलले.

६ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये साक्षीची वेळ झाली तसं सुयोगला सुसूला घेऊन बाहेर गेले. त्याला लागली नव्हती.

आईचा फोन. कांदिवलीहून दर रविवारी तेच — “गो बाय, पोरांका शाळेत घाल. घरात बसान काय शिकतली ती?” तिला काय सांगू. धाकट्या नंदूच्या हॉस्पिटलच्या वेळी दोघांची शाळा सुटली ती सुटली. नंतर मला त्यांना दाराबाहेर सोडवेना. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये म्हणाले, घरीच शिकव, ही देवाची योजना आहे. मीही मान हलवली. घाबरटपणाला असं छान नाव मिळालं तर कोण नाही म्हणेल?

९ एप्रिल, बुधवार

निळी पाठमाला, धडा पाचवा. याइराची मुलगी. मेलेली मुलगी, येशू तिचा हात धरतो, ती उठून बसते. मग मुलीला रंग द्यायचा.

अबोलीने फ्रॉक गुलाबी केला. सात वर्षांची आहे, रेषेबाहेर जात नाही. रंगवता रंगवता म्हणाली, “आई, आपण नंदूसाठी कमी प्रार्थना केली का?”

उत्तरांच्या पानावर हा प्रश्नच नाही. दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात पळाले. गॅसवर दूध नव्हतंच. मागून सुयोग तिला समजावत होता, “येशू तेव्हा लांब असेल गं.”

१० एप्रिल

काल लिहायला बसले आणि वही मिटली. आज लिहूनच टाकते. वही माझी आहे, कोण वाचतंय.

नंदू सहा आठवड्यांचा होता. डोळे पिवळे, शी चुन्यासारखी पांढरी. हॉस्पिटलच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ही साधी कावीळ वाटत नाही, गुरुवारी आणा, तपासण्या करू, उशीर नको. आई म्हणत होती, कावीळ उतरवणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे नेऊ. तिला काय झापलं मी! अंधश्रद्धा म्हटलं, अडाणी म्हटलं.

आणि रविवारी मी काय केलं? नंदूला पुढे नेलं, सगळ्यांनी हात ठेवून प्रार्थना केली. पास्टर म्हणाले, आता मिळालं असं धरून साक्ष दे. देवाने काय केलं ते मंडळीपुढे माईक घेऊन सांगायचं, ही आमची साक्ष. झाल्यावर द्यायची असते ती. मी व्हायच्या आधी दिली. माझा नंदू बरा झाला म्हटलं. टाळ्या, हालेलुया, चेतनाताई रडल्या. मला त्या मिनिटाला खरंच वाटलं होतं गं. खोटं बोलत नव्हते.

मग गुरुवारी डॉक्टरकडे कुठल्या तोंडाने जाऊ? गेले म्हणजे साक्ष खोटी. गेले म्हणजे शंका, आणि शंकेने मिळालेलंही जातं असं आम्हाला शिकवलेलं. नाही गेले. प्रितमला सांगितलं, बाईंनी पुढच्या महिन्यात बोलावलंय. रोज सकाळी नंदूला खिडकीत उन्हाला धरायची. कमी झालं पिवळं, कमी झालं. चोवीस दिवस. पोट फुगलं तेव्हा पळाले.

ऑपरेशन झालं. सर्जन चांगले होते, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, हे दोन महिन्यांच्या आत झालं तर जास्त उपयोग होतो, थोडं आधी यायला हवं होतं. सात महिन्यांचा होऊन गेला माझा नंदू. त्या साक्षीचं नाव मंडळीत परत कोणी काढलं नाही. मीच आधी काढलं नाही तर दुसरं कोण काढणार?

प्रितमला ते चोवीस दिवस माहीत नाहीत.

१२ एप्रिल

पिवळी काढली. हिच्यात बरं आहे, कोणाला काही वाटावं लागत नाही. मी प्रश्न विचारायचा, त्यांनी उत्तर द्यायचं, पुढचा प्रश्न. दोघं चटाचट पाठ करतात. मी दगडासारखी बसून ऐकते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? निदान पाठांतर तरी येईल.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी. खाली सकाळपासून गाणी. शेजारच्या शांताबाईंनी खीर पाठवली. पोरं वाटीला बोटं लावून चाटत होती.

प्रितम घरी होता, म्हणाला हिरवी आज मी सुरू करतो. पवईला एसी प्लांटवर सहा दिवस राबतो, एक सुट्टी मिळाली तर पोरांना फिरवून आण म्हटलं. नाही. फ्रिजवर तक्ता चिकटवला, दोघांना रांगेत उभं केलं. मी निरोगी आहे! मी भीत नाही! पोरांपेक्षा हाच मोठ्याने. मानेच्या शिरा दिसत होत्या. सुयोग हसायला लागला तर त्याच्यावर खेकसला. प्रितम पोरांवर कधी खेकसत नाही.

१६ एप्रिल

सुयोगचा आजचा स्टिकर गेला. गुडघा दुखतोय म्हणाला, बस. ढोपर फुटलंय त्याचं, रक्त दिसतंय! मी लावत होते स्टिकर, प्रितमने हात धरला. नियम म्हणजे नियम.

अबोलीचे तिन्ही दिवसांचे लागलेत.

भांडले. म्हटलं, ही पाठमाला मला नको. पोरं साधं दुखतंय म्हणू शकत नाहीत, हा कसला विश्वास? तो डबा भरत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “पोरं तरी पक्की होऊ देत.”

पोरं तरी म्हणजे? कोण कच्चं निघालं? मीच ना? विचारायचं होतं. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

तीन तास मंडळीत बसले. काही नाही वाटलं. फॅन मोजले.

२० एप्रिल

पुनरुत्थानाचा रविवार. सगळे एकमेकांना, तो उठला आहे! मीही म्हटलं. घरी येऊन नंदूची दोन झबली घडी करून परत कपाटात ठेवली. उठला असेल कोणीतरी.

चेतनाताई विचारत होत्या, ठरलं का? प्रितमने माझ्या आधी सांगून टाकलं, हिरवी. त्यांनी मला मिठी मारली. माझ्यात तेवढंही त्राण नव्हतं की म्हणावं, थांबा. जाऊ दे. कुठली का लागेना. अकरा पोरं शिकतील, अकरा पोरं कधीतरी रडतील.

२२ एप्रिल, मंगळवार

अक्षर वाईट येतंय.

सकाळी अबोलीची उशी उचलली. अभ्र्यावर डाग. पिवळट, मधे लाल. कान बघितला तर आत सगळं भरलेलं. अंग तापलेलं. आणि ही बाई फ्रिजपुढे उभी राहून म्हणतेय, मी निरोगी आहे!

कधीपासून दुखतंय? बोलेना. हलवली तिला, जोरात हलवली, देवा मला माफ कर. मग पुटपुटली, शुक्रवारपासून. पाच दिवस! एवढं ठणकत असताना ही चर्चमध्ये तीन तास माझ्या मांडीला टेकून बसली होती. आणि मी फॅन मोजत होते.

का नाही सांगितलंस म्हटलं. तर म्हणते, “दुखतंय म्हटलं की शंका होते ना आई. मग मी पण नंदूसारखी जाईन.”

तशीच उचलली. सुयोगला शांताबाईंकडे टाकलं, रिक्षा केली. डॉक्टर म्हणाले पडदा फुटलाय, औषधं द्या, बहुतेक भरून येईल, दोन आठवड्यांनी दाखवा. दोन आठवड्यांनी म्हणजे नक्की कुठली तारीख, असं मी तीनदा विचारलं. हातावर लिहून घेतली. ते माझ्याकडे बघत राहिले.

घरी येऊन तक्ता ओढून काढला. फ्रिजचा रंग निघाला थोडा. अबोली औषध घेऊन झोपलीय. झोपेत कानावर हात. तिला उठल्यावर सांगणार आहे, दुखलं की ओरडायचं, घर डोक्यावर घ्यायचं. देवाला राग आला तर मी बघून घेईन त्याच्याकडे.

किती महिन्यांनी त्याच्याशी बोलले. भांडायला का होईना.

२३ एप्रिल, बुधवार

चेतनाताईंना कळवलं — हिरवी नाही, आमच्या घरी तर नाहीच. का नाही तेही लिहिलं, अबोलीच्या कानासकट. वाचल्याची खूण आली. उत्तर नाही. त्यांचं पास्टरांशी बोलणं होईल, मग आमच्यासाठी प्रार्थना होईल, मग आम्हाला कोणी बोलावणार नाही. चालेल. चालेल कसलं, या लोकांशिवाय मला इथे आहे कोण! पण असो.

संध्याकाळी प्रितम आला. पोरांना शांताबाईंकडे टीव्ही बघायला पाठवलं. त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. गुरुवार. डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या ते. पुढच्या महिन्याची थाप. चोवीस दिवस. म्हटलं मार मला, सोड मला, पण पोरांना ते शिकवू नकोस.

बूटही काढले नव्हते. उठून खाली निघून गेला.

२४ एप्रिल

आज तो कामावर गेला नाही. चहा समोर ठेवला तेव्हा बोलला.

“त्या शुक्रवारी हॉस्पिटलचा मला फोन आला होता. काल का आला नाहीत म्हणून. मी म्हटलं, बाळ बरं झालंय, परत फोन करू नका. नंतर दोनदा आला. मी उचलला नाही.”