सतरानंतर एकोणीस

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हिवाळा लागला की तुमचं महाल भागातल्या घरातलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही सुपात तुरीच्या शेंगा ओतता, मी सोलत बसते, मग सोल्यांचा भात होतो आणि आईसाठीही डब्यात भरला जातो. सातवीच्या वर्गातून तुमच्या घरी मी एकटीच जायची, म्हणून मिरवायचीही.

तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. एकदा विचारलंत, काय करते आहेस ते इंग्रजीत सांग. आमच्या घरच्या बोलीत मी ‘लिहून राहिली होती’, म्हणून शब्दाला शब्द लावून सांगितलं, ‘आय राइट अँड रिमेन.’ वर्ग हसला. पुढे वर्षभर, “काय वं रिमेन, डबा खाऊन राहिली का?” तुम्ही तेव्हाच वर्गाला दटावलंत, आणि त्या दिवसापासून धडा वाचायला उठवताना सतरा नंबरनंतर थेट एकोणीस म्हणू लागलात. अठरा मी होते. आईला समजावलंत, “पोरगी हुशार आहे, पण इंग्रजीच्या मागे नका लागू. घरात नाही नं ते.” आई तुमच्या पाया पडली. मलाही सुटल्यासारखं वाटलं. ती माया होती, याबद्दल आजही शंका नाही. पण कॉलेज संपेपर्यंत मी चारचौघांत इंग्रजीचं एक वाक्य बोलले नाही, हे त्या मायेत कुठे बसवायचं ते मला ठरवता येत नाही.

आता मी मनीषनगरच्या एका शाळेत इंग्रजीतून इतिहास शिकवते. यंदा काटोलच्या मराठी शाळेतून आलेली एक मुलगी वर्गात आहे. तिला कुणी हसू नये म्हणून मी तिला वाचायला उभं करत नव्हते. परवा तास संपल्यावर ती टेबलाशी आली. “मॅडम, मले काहून नाही सांगत वाचाले? घरी रोज वाचून राहिली मी.” मी म्हटलं, वेळ पुरत नाही. खोटं होतं ते. तिच्या पुस्तकात शब्दांवर पेन्सिलने मराठीत उच्चार लिहिलेले होते, अजून न शिकवलेल्या धड्यांपर्यंत.

आज तिला उभं केलं. ती अडखळली, एकदोघे हसले, ती थांबली नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून वहीत लिहिते आहे. पण तिच्यासाठी मी धड्यातला सगळ्यात लहान परिच्छेद निवडला होता, बाई. तो संपल्यावर ती पुढचा वाचायला उभीच होती, आणि मी तिला बस म्हटलं.