कूलिंग टनलपाशी पाव्हणे

९ मे, शुक्रवार
आजही पाव्हणे! सिरोंच्याचे, तिसऱ्या खेपेले. मुलगा, माय, मामा, अन् मामाचा साडूही. मले पाहाले म्हणे! माझं तोंड काय आठवड्यात बदलून राह्यलं?

कारखान्यात लॉलीपॉप गरम निघते, अन् कूलिंग टनलच्या थंड हवेखालून पट्ट्यावर सरकत सरकत कडक होते. टनल मी चालवते. बाहेर ऊन असं की कपातला चहा थंड होत नाई. घरी लाइन नव्हती, पंखे बंद, म्हणून आईनं पहिले पाव्हणे इथीच आणले. तीच चूक झाली! आता कोणी हो म्हणत नाई, कोणी नाई म्हणत नाई. "अजून एकदा पाहून घेतो, बाई." हो म्हटलं की गारव्यात येणं बंद ना!

१२ मे
गुणवंतराव मालकानं सगळ्याईले केसावरच्या टोप्या घालाले लावल्या. टोपीत सिरोंच्याचा मामा नवरदेवाहून खुलून दिसला. एक आजी पट्ट्याजवळ झोपलीच.

१५ मे
घुग्घुसचा निकेश आला. सिमेंट कारखान्यात शिफ्टवर असते. हा मले आवडते! टनलच्या पंख्याच्या आवाजात कोणाचंच काही ऐकू येत नाई, नुसते ओठ हालतात. पण हसते किती छान! मी संत्र्याचा लॉलीपॉप देल्ला, तं लाजला. देवा, ह्यानं तरी हो म्हणावं.

१७ मे
मालक भडकले. "आचल, तुह्या पाव्हण्यायच्या घामानं माल चिकटून राह्यला! एक तं लगन उरक, नाई तं काम सोड." खरं आहे – हवा कोरडी लागते, अन् आत अख्खं वऱ्हाड घाम पुसत बसते. पण काम सोड? ही टनल शिकाले मी नागपूरले जाऊन राह्यली होती. रडूच आलं.

१८ मे
उद्या सफाईसाठी मशीन बंद. पाव्हण्याईले सांगतच नाई. जो गर्मीत बसंन, तो माझा!

१९ मे
सिरोंच्यावाले दारातूनच परतले. "मशीन सुधरली की फोन करजा!"

निकेश बसला! शर्ट पिळावा असा भिजला, पण बसला. म्हणे, "माह्याकडून हो आहे." मी तं उडालीच!

मग तो बोलत राह्यला. त्याच्या गाडीचा अॅव्हरेज. जुन्या गाडीचा अॅव्हरेज. भावाच्या गाडीचा अॅव्हरेज. त्यातच मधी – "काम तं तू सोडशीनच." मले एक अक्षर इचारलं नाई. डोकं भणभणलं. सफाई झालीच होती; उठली, अन् टनलचा पंखा सुरू केला. त्याचे ओठ हालत राह्यले. पुन्हा बरा दिसाले लागला!

२० मे
आईले म्हटलं, घुग्घुसले नाई कळव. "काऊन वं? तुले तं आवडला होता ना?" आवडला होता. पण मीई त्याले गारव्यातच पाह्यलं होतं.