तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटमधली जागा

चिंचपोकळी,
११ जुलै २०२४

चि. मनालीस,
तात्याचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझे कान मशीनच्या आवाजात गेले तेव्हापासून फोन नुसता गुरगुरतो, त्यामुळे तू लिहितेस ते बरं वाटतं. नागपूरच्या पाण्याने अक्षर मात्र कोंबडीच्या पायासारखं झालंय!

तू सांगितलंस तसं केलं. तुझा पप्पा धम्मा सकाळी फिरायला गेल्यावर त्याच्या शेजारच्या शेवंतीबाईंकडून चावी घेतली आणि त्याची इलेक्ट्रिक गिटार माझ्या पॉलिशच्या वर्कशॉपवर आणली. तुझी आई बकुळा गेल्यापासून गिटार खोलीत धूळ खात होती. बोटं फिरतात त्या पट्टीची दशा काय सांगू? फिकट लाकूड, पण मधेमधे पॉलिश उडून काळे डाग. तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटमध्ये तर खळगाच पडलेला. सगळं घासून काढलं. फ्रेटच्या आडव्या तारा हाताला लागत होत्या, त्याही सपाट केल्या. वर लॅकरचे तीन हात दिले. आरशासारखी झाली बघ.

काल रात्रीपासून मात्र पॉलिश पांढरं पडलंय. ताकाच्या निवळीसारखा धुरकटपणा, आणि कडेला बारीक फोड. हवेत ओल आहे. चौथा हात दिला की बसेल. नऊ ऑगस्टला बकुळाच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला धम्मा वाजवेल, काळजी करू नकोस.

लोभ आहे तसाच ठेव.
तुझा,
राजाराम तात्या

नागपूर,
१७ जुलै २०२४

ती. तात्यांस,
मनालीचा सविनय जयभीम. वि. वि.

तात्या, हात जोडते, चौथा हात देऊ नका. शेवंतीकाकूंनी पाठवलेला फोटो मी वॉर्डातल्या विकासला दाखवला. तो गिटार वाजवतो. फोटो बघून त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, त्या आडव्या तारा उंचच असाव्या लागतात, त्यांच्यावर बोट दाबलं की सूर निघतो. त्या घासल्यात, वर पॉलिशमध्ये बुडवल्यात, आता वाजणार काय!

चूक तुमची नाही. तुम्ही चाळीस वर्षं कपाटं आणि टेबलं गुळगुळीत केलीत, तुम्हाला गिटार द्यायची बुद्धी माझी. मला वाटलं, नवीकोरी दिसली की पप्पा हातात घेतील. त्यांना काही सांगू नका, मी सांगेन. नऊ तारखेला मात्र यायला जमेलसं वाटत नाही. नर्सेस कमी आहेत, रजा देत नाहीत.

रागावू नका, एवढीच विनंती.
तुमची,
मनाली

चिंचपोकळी,
२२ जुलै २०२४

चि. मनालीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच चौथा हात देऊन बसलो होतो. आणि त्याच दुपारी धम्मा वर्कशॉपवर आला. शेवंतीबाईंच्या पोटात काही राहत नाही.

त्याने गिटार उजेडात धरली, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, तुझीच. तो नाही म्हणाला आणि निघून गेला. तीन दिवस झाले, भोईवाड्याला त्याच्या घरी गेलो तर दार उघडत नाही.

शेवंतीबाईंनी मग मला सांगितलं. भीमगीतांच्या गायनपार्टीत बकुळा गायची तो सूर त्या खळग्याच्या जागेवरचा. बत्तीस वर्षं त्याचा हात तिथे होता. पोरी, मी काय पुसून बसलो! आता रोज पातं घेऊन ते पॉलिश खरवडतोय. खाली लाकूड लख्ख निघतं, तो जुना डाग काही सापडत नाही. मला आयुष्यभर डाग काढायचंच काम. ठेवायचा कसा, हे कुणी शिकवलं नाही. रात्री झोप येत नाही. तू ये. रजेचं मला सांगू नकोस.

तुझा,
तात्या

भोईवाडा,
२ ऑगस्ट २०२४

चि. मनाली,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तात्या जेवत नाही असं कळलं, म्हणून काल गेलो. मान खाली घालून खरवडत होता. त्याच्या हातातून पातं काढून घेतलं आणि बाकीचं मी खरवडलं. निघताना त्याने मला अर्धा चहा दिला, मी प्यायलो. भावांमध्ये एवढं पुरतं. दादरचा एक कारागीर नव्या फ्रेट बसवून देतोय.

राग माझा तुझ्यावर आहे. मी वाजवावं की नाही, हे माझ्या पाठीमागे तुम्ही दोघांनी का ठरवलंत? आणि रजा मिळत नाही हे दोन वर्षांत सातव्यांदा ऐकलं. खोलीत आल्यावर आईचा आवाज आठवेल म्हणून तू येत नाहीस, हे न कळायला मी परका नाही. मीसुद्धा गिटार भिंतीकडे तोंड करूनच ठेवली होती.

पट्टी आता कोरी आहे. आईच्या सुरावर बोट ठेवलं की घसरतं. आता या वयात तिथे पुन्हा खळगा पडणं नाही. फार वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

पण तुझा आवाज लहानपणापासून आईपेक्षा खाली लागतो. तू गायची नाहीस, म्हणून तुझ्या सुराच्या जागेवर डाग कधी पडलाच नव्हता. पहिल्या फ्रेटच्या आसपास आहे ती. काल तिथे बोट ठेवून पाहिलं.

नऊ तारखेला मी तेवढंच वाजवीन. तू असलीस तर.

लोभ पत्रात मागू नकोस, येऊन घे.
तुझा,
पप्पा