कपाटातली निळी पँट

३ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझ्या वहिनीने संसारभर माझ्या पँटी घरीच शिवल्या. ती गेली आणि आता त्यातली एकच, निळी, धड उरली आहे. ती झिजू नये म्हणून कपाटात ठेवली आहे आणि मी घरात पायजम्यावर बसून असतो. छापखान्यातले जुने सोबती संध्याकाळी चौकात जमतात, तिकडेही जाणं सोडलं. पायजम्यावर कुठे जाणार?

दुकानातल्या पँटी माझ्या अंगावर नीट बसत नाहीत. तिकडे हल्ली कुणाला बेततच येत नाही. म्हणून तुझ्या वहिनीच्या शिलाई मशीनला तेल घातलं आणि स्वतःच शिवायला बसलो. पँटचे दोन्ही पाय टेबलावर एकावर एक ठेवले की तंतोतंत जुळतात, आणि पँट घातली की डावा पाय जमीन झाडतो! तो थोडा कापला, तर टेबलावर तोकडा दिसायला लागला. मग उजवाही कापला. आता तिसरी पँट गुडघ्याच्या दिशेने निघाली आहे. जन्मभर मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, ओळ केसभर वाकडी गेली तरी मला खपायची नाही. तेव्हा दोष माझा नसणार. मशीन एकीकडे ओढत असेल. तू शिवणकाम करतेस, तुला ठाऊक असेल.

पोटभर हसून घे आणि मग उत्तर लिही.

तुझा,
दादा


९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसून झालं. नाचता येईना अंगण वाकडं! त्या गरीब मशीनला कशाला बोल लावतोस? माझं लग्न होईपर्यंत मी आणि वहिनी त्याच मशीनवर आळीपाळीने बसायचो. ती पायाने चालवायची, मी कापड पुढे सरकवायची, आणि दोघींच्या गप्पांत बॉबिनचा दोरा संपला तरी पत्ता नसायचा. तू छापखान्यातून शाईने काळ्या झालेल्या बोटांनी घरी आलास की हात धुतल्याशिवाय कापडाजवळ फिरकायची बंदी होती. तू दारात ताटकळायचास आणि आम्ही मुद्दाम उशीर करायचो. त्या दुपारांच्या आठवणीने आजही जीव हळवा होतो.

आता उपाय ऐक. ती निळी पँट सगळी उसव. एकेक तुकडा इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेव आणि कडेने पेन्सिल फिरव. उजवा आणि डावा वेगवेगळा काढ, एकावरून दुसरा काढू नकोस. मग जुन्या चादरीची कच्ची पँट शिवून अंगावर घालून बघ.

मोठा आहेस, तरी एवढं धाकटीचं ऐक.

तुझी,
ठमी


१४ जून

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. उसव म्हणतेस? तिच्या हातचं तेवढं एकच शिल्लक आहे. रोज कपाट उघडून मी त्या शिवणीवरून हात फिरवतो, आणि तीच मी ब्लेडने कापू? एकदा उसवलेलं तिच्या हातासारखं परत होणार आहे का? त्यापेक्षा जन्मभर पायजम्यात राहीन.

रागाने लिहिलं आहे, पण रागावलो नाही.

दादा


२० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने मला शपथ घातली होती, ती आज मोडते. दादा, मशीन सरळ आहे. वाकडा तू आहेस.

छापखान्यात पोरवयापासून उजव्या पायावर भार देऊन उभा राहिलास, त्याने तुझी उजवी कंबर वर चढली आहे. सारख्या बेतलेल्या पँटचा उजवा पाय उचलला जातो आणि डावा लोंबतो. वहिनीच्या हे पहिल्याच मापाला लक्षात आलं. तू तिच्यापुढे छाती काढून उभा होतास. तिने उजवीकडचं कापड कंबरेशी थोडं उंच ठेवलं आणि मला आत नेऊन बजावलं, की याला स्वतःच्या सरळपणाचा भारी अभिमान आहे, तो तसाच राहू दे. पुढची प्रत्येक पँट तिने तशीच बेतली.

आता तुला वाटेल ते कर. तू स्वतःला घरात कोंडून घेतलेलं मला बघवत नाही, आणि तिलाही बघवलं नसतं.

रागावलास तरी चालेल, पण लिहीत जा.

तुझी,
ठमी


२ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर आधी आरशापुढे उभा राहिलो. खरंच वाकडा आहे गं मी! इतकी वर्षं तिने मला कळू दिलं नाही, आणि आता भांडायला जाऊ तर कुणाशी?

मग निळी पँट उसवली. पहिला टाका तोडताना रडू आलं, ते तुझ्यापासून काय लपवू? उजवा तुकडा डाव्यावर ठेवला, तर कंबरेशी बोटभर उंच निघाला. तू सांगितलंस तसा कागद काढला, चादरीची कच्ची पँट घालून पाहिली आणि मग करड्या कापडाची खरी शिवली. दोन्ही पाय बुटावर सारखे टेकले. काल ती घालून चौकात गेलो. सोबत्यांनी विचारलं, की इतके दिवस होतास कुठे. पँटबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, तेव्हा समजलो, जमली.

एक गोष्ट मात्र तुलाही ठाऊक नसेल. मागच्या शिवणीत तिने आत चांगलं चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं. म्हातारपणी माझं पोट सुटेल, मग सैल करायला हवं, असा तिचा हिशेब. ती माझ्या म्हातारपणाची तयारी करून बसली होती, आणि मी इथे चहा-बिस्किटावर दिवस ढकलून काटकीसारखा वाळलो. कंबरेचं माप घेताना माझी मलाच लाज वाटली.

ते कापड मी कापलं नाही. करड्या पँटमध्येही तेवढंच आत सोडलं आहे. कालपासून दोन्ही वेळा स्वयंपाक करून जेवतो. पुढच्या वेळी येशील तेव्हा मागची शिवण सैल करायला तूच बस.

तुझा,
वाकडा दादा