एक तरी अंडं निळं

तीर्थरूप आक्का,

धाकट्याचा, कंबर वाकेल तेवढा वाकून, नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तुझ्या कोंबड्या या सगळ्यांची खुशाली कळव. (कोंबड्यांची आधी कळवलीस तरी भावोजींना राग येणार नाही, त्यांना सवय आहे.) इकडे तुझा कोंबडा मजेत आहे. या घरात सध्या मजेत असलेला तो एकटाच.

त्याचं नाव आम्ही दिवाण ठेवलंय, कारण हात मागे बांधल्यासारखा चालतो आणि आमच्या कामात खोट काढल्यासारखा मधेच थांबतो. गेल्या वर्षी तो टोपलीतून उसना म्हणून माझ्या हवाली करताना तू फाटकात उभी राहून म्हणालीस, कोंबड्या म्हणजे रंगाचे डबे नव्हेत. मी हसलो. हसू नये तर काय करू? ज्याची हयात रंगाच्या दुकानात शेड मिसळण्यात गेली, गिऱ्हाइकाच्या जुन्या कपाटाची ढपली नुसती बघून जो त्याच शेडचा डबा भरून देतो, त्याला तू रंग शिकवणार? दिवाण राखी. तूच पूर्वी दिलेली माझी कोंबडीही राखी. राखीत राखी मिसळली की राखीच होते, हे आमच्या दुकानातलं शेंबडं पोरही सांगेल. शिवाय दिवाणाच्या आई-बहिणी निळी अंडी देणाऱ्या. (माझी कोंबडी तपकिरी देते, पण ती बाब मी तेव्हा किरकोळ धरली.) तेव्हा राखी पिसांच्या कोंबड्या आणि आकाशी अंडी, असं मी दुकानात जाहीर केलं, जिन्यात जाहीर केलं, आणि काही विचारलं नसताना शेजारच्या न्हाव्यालाही ऐकवलं.

तुझी भावजय एवढ्यावर गप्प बसेल होय? खुराडं ठेवलंय तिच्या कपड्यांच्या दोऱ्यांच्या जागी. त्यामुळे धुणं बैठकीत वाळतं आणि आम्ही ओल्या विजारी बाजूला सारून जेवतो. तिने अट घातली: नव्या पिढीचं एक तरी अंडं निळं निघालं तर खुराडं राहील, नाहीतर दिवाणासकट सगळं बिऱ्हाड आक्कांकडे. मी म्हटलं, खुशाल! तेव्हा तोंडाने म्हटलं गं. पण संध्याकाळी दुकानातून आलो की मी उलट्या डब्यावर बसतो, पिल्लं पायांत घोटाळतात, आणि तेवढा वेळ कोणी मला ‘अजून जरा फिकट नाही का?’ म्हणत नाही. ते गेलं तर मी संध्याकाळी घरी येऊन करू काय? बातम्या ऐकू?

तर, कोंबडी खुडूक बसली, पिल्लं निघाली, पिसं फुटली, आणि मी सपशेल तोंडघशी पडलो. अर्धीअधिक राखी, ठीक. पण बाकीच्यांत काही कोळशासारखी काळीकुळकुळीत, आणि एक पांढरट, तीही अशी की छत रंगवणाऱ्याने तिच्यावर ब्रश झटकलाय. आमचे मालक मुद्दाम बघायला आले आणि डबा नीट ढवळला नव्हता का, असं विचारून गेले! माझा संशय न्हाव्याच्या कोंबड्यावर गेला. भिंतीवरून तोच येत असणार. मी तसं न्हाव्याला दाढी करून घेता घेता सुनावलं. (वस्तरा गळ्याशी असताना कोणावर आळ घेऊ नये, हे मला आधी सुचायला हवं होतं.) त्याने वस्तरा शांतपणे पुसला आणि म्हणाला, माझा कोंबडा लालभडक आहे, तुमच्या पिल्लांत एक तरी लाल पीस दाखवा; राखी जोडीला काळी-पांढरी व्हायचीच. लाल पीस नव्हतं. उरलेली अर्धी दाढी मी मान न हलवता करून घेतली.

आता अंड्याचं ऐक. बाकीच्यांनी तपकिरीच घातली, आणि काल उरलेल्या त्या शिंतोडेवालीने पहिलं अंडं घातलं. घरात मी तिला नावं ठेवायचो आणि तुझी भावजय मात्र तिला ओट्यावरचे दाणे चोरून घालायची, तीच ही. अंडं मी हातात घेतलं, तीनदा फिरवून पाहिलं आणि तिच्या हातात ठेवलं. भावजयीने ते खिडकीशी धरलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, तुम्ही रंगवाले, तुम्हीच सांगा, निळं की हिरवं?

आक्का, निळं म्हटलं असतं तर सगळं वाचलं असतं. तिने मानलंही असतं. रंगाच्या बाबतीत तिने मला आजवर कधी खोडून काढलेलं नाही, एरवी मग कशातही काढो. पण माझी जीभ रेटेना. मी खोटं वजन सांगेन, खोटं वय सांगेन, खोटी शेड सांगणार नाही. म्हणालो, हिरवं. जुन्या कचेरीतल्या लोखंडी कपाटाचं हिरवं. ती बरं म्हणाली आणि अंडं घेऊन आत गेली. तेव्हा येत्या रविवारी टोपल्या घेऊन ये आणि सगळ्यांना घेऊन जा. मला वाईट वाटतंय, फार वाटतंय, पण माणसाने तत्त्वाला जागावं.

तुझा,
धाकटा

ता. क. तत्त्व माझं आहे, तुझं नाही. तेव्हा भावजयीला एक पत्र टाक, की आमच्याकडे या रंगाला निळाच म्हणतात. तुझा शब्द ती मोडत नाही. हे मी सुचवलं असं लिहू नकोस.

ता. क. दुसरा. पत्र दिवसभर खिशातच राहिलं ते बरं झालं. आज सकाळी मालकांनी दोन लहान डब्यांचं काम दिलं, गिऱ्हाईक ओळखीचं आहे म्हणाले. एक शेडकार्डावरचा साधा आकाशी. दुसऱ्यासाठी नमुना म्हणून पुठ्ठ्यावर डकवलेला टरफलाचा तुकडा. माझंच अंडं! थट्टा समजून मी दात-ओठ खाल्ले, तरी शेड हुबेहूब उतरवली. संध्याकाळी घरी येतो तो काय, खुराडं बाहेरून हिरवं, आतून आकाशी, आणि तुझी भावजय ब्रश धुते आहे. तिने उरलेलं टरफल माझ्या तळहातावर उलटं ठेवलं. आक्का, आतून निळं आहे गं! स्वच्छ आकाशी! वरून तपकिरीचा हात बसल्यामुळे हिरवं दिसतं, एवढंच. अंडी फोडते ती, म्हणून तिला दिसलं. मी जन्मभर लोकांना रंगाखालचं अस्तर बघा, अस्तर बघा म्हणून सांगत आलो आणि स्वतः वरचा हात बघत बसलो. ती म्हणाली, अट निळ्याची होती, आतून की बाहेरून ते ठरलं नव्हतं. आणि म्हणाली, काल तुम्ही निळं म्हणाला असता ना, तर मात्र खुराडं आजच गेलं असतं.

ता. क. शेवटचा. रविवारी ये, पण टोपली आणू नकोस. दिवाण आम्हालाच दे. हे ती लिहायला सांगते आहे, मी नाही. (मीही.)