मंजुरीसाठी थांबलेला मजकूर

प्रिय धाकटे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. तुझा अबोला आता मला सोसवत नाही.

आपल्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या विकीची, सगळ्यांनी मिळून लिहायच्या त्या साइटची, खबर आधी देते. आहे, जिवंत आहे. तू खातं बंद करून गेलीस आणि मीही हट्टाला पेटले. कुणा टवाळाने पानापानावर ‘तेलाऐवजी मध घाला’, ‘मोटर चालू ठेवूनच सुई बदला’ असलं काहीबाही लिहून ठेवलं होतं, ते आठवलं की आजही माझं डोकं तडकतं. एखादी नवशिकी ते वाचून बोट शिवून बसली असती तर? म्हणून तर मी लिहिण्याची परवानगी फक्त जुन्या चार-पाच मंडळींपुरती ठेवली होती. तू म्हणालीस, हा तर रोगापेक्षा इलाज भयंकर. मी म्हणाले, तुला जबाबदारी नको, नुसतं कौतुक हवं. ते तुला फार लागलं.

टवाळकी थांबली, पण विकीवर शुकशुकाट झाला. आम्ही आपली एकमेकांचीच पानं तपासत बसलो. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांना पायाच्या मशीनचा पट्टा न घसरण्याची छान युक्ती सापडली होती, पण लिहायला गेले तर पान बंद! माझ्या दुकानात येऊन मला म्हणाले, बाई, तुमच्याकडे यायला वशिला लागतो का? मी हसले, पण ते मनातून जाईना.

मग तुझं म्हणणं अर्धं मानलं. अर्धंच हं, उगाच चढून जाऊ नकोस. आता कुणीही लिहू शकतं. नव्या माणसाचा मजकूर आमच्यापैकी कुणीतरी पाहून मंजूर केला की तो सगळ्यांना दिसतो, आणि असे काही मजकूर नीट जमले की तो माणूस मंजुरीशिवाय लिहायला मोकळा. सुई, मोटर आणि विजेची पानं मात्र कुलपातच राहतील, त्यात तडजोड नाही. शिंपीकाका इतकं लिहितात की त्यांना आवरावं लागतं. तो टवाळही अधूनमधून येतो, पण त्याचं लिहिणं आता फक्त आम्हीच वाचतो आणि पोट धरून हसतो. तुझ्याशिवाय त्या हसण्यातही मजा नाही गं.

आता मुद्द्याचं. आज सकाळी मंजुरीच्या रांगेत एका नव्या खात्याचा मजकूर होता, दोरा सारखा तुटतो त्याबद्दल. नाव भलतंच. लिहिणं अगदी चोख, फक्त एका ठिकाणी होतं, ‘ताणाचा स्क्रू खिडकीच्या बाजूला थोडा फिरवा.’ माझा चहा तसाच निवला. बाबांचं मशीन खिडकीला लागून होतं, म्हणून शिकवताना ते आपल्याला डावं-उजवं कधी म्हणालेच नाहीत. खिडकीकडे आणि दाराकडे, एवढंच. असं लिहिणाऱ्या जगात दोघीच, आणि त्यातली एक मी. समोर चूक दिसत असताना मी आयुष्यात पहिल्यांदा मंजुरी दिली आणि त्या खात्याला सगळे अधिकारही देऊन टाकले. ते वाक्य मी बदललेलं नाही. ये आणि तूच नीट कर. लोकांची मशिनं खिडकीशी नसतात, वेडे.

तुझीच,
वाट बघणारी ताई