शिवूच्या आवाजाचं वर्ष

२३ फेब्रुवारी २००९, महाशिवरात्र
सकाळीच टीव्हीवर बातमी. ऑस्कर आपल्या गाण्याला, आणि आवाज बसवणाऱ्या आपल्या माणसालाही. शिवू उपासाची रताळी उकडत होता. "दत्ता, तुमच्या साऊंडवाल्यांच्या जातीचं नाव निघालं बघ." म्हटलं, मी हमालीनं कर्णे उचलत या धंद्यात आलो, मला कोण देतंय. दोघंही हसलो. त्याच्या हसण्यात खाली कुठंतरी खरखर. स्पीकर फाटायच्या आधी अशीच येते. बोललो नाही. सणाचा दिवस.

१९ एप्रिल
प्रचाराच्या गाड्या जोरात, एक कर्णा घरात नाही. संध्याकाळी लग्नात ऑर्केस्ट्रा, गाणारा शिवूच. शिवूनं सगळी गाणी खालच्या पट्टीत घ्यायला लावली. कीबोर्डवाला रम्या म्हणाला, "शिवूदादा, आणखी खाली गेलो तर विहिरीतच पडू की." सगळे हसले, शिवूपण. मी हेडफोन लावून. ओळीचा शेवट तो गिळत होता.
घरी म्हटलं, दाखवून येऊ. "सर्दी हाय." महाशिवरात्रीपासून? "तू साऊंडवाला हायस का डॉक्टर?"

११ जून
रिपोर्ट आला. गाठ चांगली नाही. स्वरयंत्र काढायचं. जगेल, पण आवाज…
डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही कोण यांचे? तोंडातून नेहमीचंच गेलं, मावसभाऊ. खोली घेताना घरमालकीण काकींना हेच सांगितलेलं, तेव्हापासून सगळ्यांना हेच. "सख्खं कुणी असेल तर बोलवा, सहीला लागेल." सख्खा म्हणजे गडहिंग्लजकडचा थोरला भाऊ, मल्लूअण्णा. शिवू त्याच्याशी फक्त दिवाळीला बोलतो.
रिक्षात म्हटलं, चार गाणी रेकॉर्ड करू या का. "नको. ऐकत बसशील."

२७ जून
अमेरिकेतला तो गाणारा-नाचणारा गेला. रम्या दिवसभर तोंड पाडून. शिवू म्हणाला, "त्याची गाणी तरी हायत." मग माझ्याकडं बघितलं, विषय बदलला.

३ जुलै
पहिल्या पानावर. दिल्लीच्या कोर्टानं सांगितलं, दोन माणसांनी आपखुशीनं केलं तर गुन्हा नाही. सलूनमध्ये दुसरा विषय नव्हता. बाळू वस्तरा घासत, "आता काय, पोरांची लग्नं पोरांशीच लावा." एक म्हातारा, "ते दिल्लीत. कोल्हापुरात अजून न्हाय." मी म्हटलं, बाळू, तुला कशाची काळजी, तुझ्याकडं ना बाई बघत ना बाप्या. हशा झाला. असं हसवता येतं म्हणून आजवर निभलं.
घरी शिवूनं बातमी दोनदा वाचली. "म्हणजे परवापर्यंत आपण गुन्हेगार होतो? मला कुणी बोललंच न्हाय." बऱ्याच दिवसांनी पोटातून हसला, मग खोकला.
थोड्या वेळानं, "मग आता सही तुझी चालंल?"
विचारून येतो म्हटलं. गेलो, विचारलं. नाही चालत.

२१ जुलै
मल्लूअण्णा आला. कपाळाला विभूती, हातात घरच्या काजूची पिशवी. डॉक्टरांसमोर मला म्हणाला, "मावसभाऊ कुठला? आमच्या अव्वाला भैनच न्हवती." डॉक्टर पंख्याकडं बघत बसले. मीही. सही केली त्यानं, उपकार.
संध्याकाळी काकींना सगळं सांगितलं. त्या शेंगा निवडत होत्या. "तो लिंगायत, तू मराठा. मावसभाऊ होताय कसले? पहिल्याच दिवशी कळलंतं."
म्हटलं, मग बोलला का नाही?
"तुम्ही सांगितला न्हाईसा, आम्ही विचारलं न्हाई. भाडं वेळेवर, दंगा न्हाई." मग, "मामेभाऊ म्हटला असतासा तरी तेच की रे येड्या."

१४ ऑगस्ट
ऑपरेशन झालं. स्वाइन फ्लूमुळं सगळ्यांच्या तोंडाला फडकी, कोण रडतंय कळत नाही. आत एकालाच सोडत होते. अण्णा गेला. आल्यावर म्हणाला, "शुद्धीवर हाय. तुला हुडकतोय."

२० ऑगस्ट
अण्णा शिवूला गावी घेऊन गेला. बरोबरच बोलला तो, "तू गणपतीत मिरवणुकीत. ह्येचं जेवणखाण कोण बघणार?" मी मान हलवली. शिवूनं नाही हलवली.

१७ ऑक्टोबर, दिवाळी
फोन. पलीकडं काहीच नाही. मग गळ्याच्या भोकातून येणारा श्वास. मी बोलत सुटलो. विसर्जनाला डॉल्बीपायी पोलिसांनी बसवून ठेवलं ते, निवडणुकीचं, काकींनी त्याच्या वाटच्या करंज्या डब्यात ठेवल्यात ते. मध्येच श्वास तुटक झाला. हसत असणार. मागून बाईचा आवाज, "भावजी, कुणाला लावलाय?" बंद.

३१ डिसेंबर
नव्या वर्षाच्या कार्यक्रमावर रम्याला बसवलं. सकाळच्या एसटीनं गडहिंग्लज. गाडीत पेपर, वर्षभराचा आढावा पानभर. ऑस्कर, निवडणूक, तो नाचणारा, स्वाइन फ्लू. खाली कोपऱ्यात दिल्लीचा निकाल, चार ओळी.
शिवू पुढच्या सोप्यात बसलेला, गळ्याला मफलर. निम्मा झालाय. अण्णानं "या पावणं" म्हणून बसवलं. वहिनींनी चहा दिला. मग कळलं, याचं बोलणं या घरात कुणालाच लागत नाही. तो ओठ हलवतो, ही माणसं मोठ्यानं विचारतात, पाणी? औषध? तो मान फिरवून घेतो. मला सगळं लागत होतं. चहा गोडमिट्ट म्हणाला. अण्णा म्हातारा झालाय म्हणाला. मी हसलो तसं अण्णानं विचारलं, काय म्हणतोय?
चहा झकास म्हणतोय.
शिवूनं माझा हात धरला, सगळ्यांसमोर. पुन्हा ओठ हलवले. सावकाश.
"आता काय म्हणतोय?"
थापा मारायची सवय आहे मला. या वेळी तोंडात आली नाही. म्हटलं, घरी ने म्हणतोय.
अण्णा शिवूला म्हणाला, "आणि हे काय हाय मग? घर न्हाय व्हय?"
शिवूनं उत्तर दिलं. लांबलचक, श्वास लागेपर्यंत.
काय म्हणाला, ते अण्णानं मला विचारलं नाही. सोप्यातनं उठून गोठ्याकडं गेला. शेवटच्या गाडीची वेळ होत आली, अजून तिकडंच आहे.